मालिका, गेम, फॅनफिक्शन आणि साठ पानांवर अडकलेली कादंबरी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. दिवसभर नोकरी, आणि घरी आल्यावर स्वतःचे असे दीड-दोन तास. कादंबरीची साठ पानं दोन वर्षांपूर्वी लिहून झाली, पुढे काहीच नाही. एका कॉमिकची पटकथा अर्धी आहे, पॉडकास्टची एक कल्पना डोक्यात घोळतेय. एका ॲनिमेवरची, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेवरची, फॅनफिक्शन मात्र तुम्ही दर आठवड्याला न चुकता लिहिता: त्यातलीच पात्रं घेऊन स्वतः रचलेल्या गोष्टी. उरलेल्या वेळात सिरीज, आणि शनिवारी रात्री मित्रांसोबत टेबलटॉप रोलप्लेइंगचा खेळ, ज्यात टेबलाभोवती बसून प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळे छंद बंद केले तरच मी खराखुरा लेखक होईन का.

मी बावीस वर्षं लिहितेय. कादंबऱ्या, मालिकांच्या पटकथा, मध्ये काही वर्षं कॉमिकही. त्यातली पहिली अकरा वर्षं नोकरी सांभाळून लिहिलं. छंदांची यादी तुमच्याशी बरीच जुळते. त्यामुळे उत्तर लांबेल, पण यातलं बहुतेक मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याकडे तुमचं स्वतःचं लक्ष गेलेलं दिसत नाही. फॅनफिक्शन तुम्ही दर आठवड्याला लिहिता, तेही दोन वर्षं. म्हणजे वेळ नाही, शिस्त नाही, थकवा फार, ही कारणं तुमच्या बाबतीत पुरी पडत नाहीत. माणूस तोच, टेबल तेच, रात्रीचे साडेनऊही तेच. तरी एक लेखन पुढे जातं आणि दुसरं जागचं हलत नाही. मग फरक त्या दोन कामांच्या घडणीत शोधायला हवा.

फॅनफिक्शनचं प्रकरण लिहायला बसता तेव्हा काय होतं ते आठवून पाहा. मागचं प्रकरण कुठे संपलं ते पक्कं ठाऊक असतं. पात्रं ओळखीची, जग तयार. दीड हजार शब्द झाले की प्रकरण पूर्ण. कुणीतरी त्याची वाट पाहत असतं, आणि ते प्रसिद्ध केलं की त्या आठवड्यापुरतं काम संपलं. सिरीजचंही तसंच. पाऊण तासाचा भाग, सुरुवातीला मागची आठवण, शेवटी नावं वर सरकायला लागली की तुम्ही मोकळे. गेममध्ये जिथे सेव्ह केलं होतं तिथूनच सुरू होतं, आणि पुढे कुठे जायचं तेही नकाशावर दिसत असतं.

आता कादंबरीची फाइल उघडा. साठ पानं समोर येतात. कुठून सुरू करायचं? म्हणून पहिल्यापासून वाचायला घेता. तिसऱ्या पानावर एक वाक्य खटकतं, ते दुरुस्त करता. विसाव्या पानापर्यंत पोचेस्तोवर पन्नास मिनिटं गेलेली असतात आणि एकसष्टावं पान अजून कोरंच. फाइल बंद. पुन्हा आठ दिवस तिच्याकडे बघवत नाही. थकून आलेला माणूस दोन दारांपैकी जे उघडं दिसतं त्यातूनच आत जाणार. त्यात आळस कसला?

छंद सोडून पाहण्याचा प्रयोग मी केलाय. लिहायला लागून सहा वर्षं झाली होती, दुसरी कादंबरी अडकली होती. सगळ्या मालिका बंद केल्या, गेमचा कन्सोल कपाटात वर ठेवला, रविवारच्या खेळाच्या गटाला सहा महिने येणार नाही म्हणून कळवलं. पहिल्या महिन्यात लेखन वाढलं. दुसऱ्या महिन्यात पूर्वीइतकंच झालं. तिसऱ्या महिन्यात तर रोजचे दोन तास मी टेबलापाशी बसून होते आणि पानं मात्र आधीपेक्षा कमी. त्या दिवसांतला मजकूर नंतर वाचला तर पात्रं एकमेकांशी तावातावाने बोलत होती, पण त्यात मजा कुठेच नव्हती. आठवडाभर मी कुणाशीही गोष्टींबद्दल बोलत नव्हते, कुणाचं काही पाहून "अरे, हे असंही करता येतं!" असं वाटण्याचे क्षण आयुष्यातून गेले होते. वर रोज संध्याकाळी एक दडपण, की एवढं सगळं सोडलंय तर आता चांगलंच लिहायला हवं. पाचव्या महिन्यात गटाकडे परत गेले. कादंबरी पुढे पूर्ण झाली ती वेगळ्याच कारणाने.

लेखनाच्या बैठकीला मी एपिसोडसारखा आकार दिला, हेच ते कारण. तिला ठरलेली सुरुवात दिली, ठरलेला शेवट दिला, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गेमसारखा सेव्ह पॉइंट.

सेव्ह पॉइंट म्हणजे बैठकीची शेवटची पाच मिनिटं. त्या वेळी कथेचा मजकूर लिहायचा नाही. उद्याच्या स्वतःसाठी तीन-चार वाक्यं लिहायची. आपण कुठे आहोत, आता पात्राला काय हवंय आणि उद्याचं पहिलं वाक्य कोणतं. माझ्या जुन्या वहीतला एक नमुना देते: "नीलाने पत्र वाचलंय पण भावाला सांगणार नाही. का सांगत नाही ते तिलाही कळलेलं नाही. आई स्वयंपाकघरात आहे, तिला आवाज जाऊ शकतो. पहिलं वाक्य – पत्राची घडी तिने होती तशीच घातली." दुसऱ्या रात्री मी फाइल उघडली की मागचं काही न वाचता आधी ते पहिलं वाक्य टंकते. दुसरं वाक्य त्याच्या मागोमाग येतंच. वाक्य वाईट निघालं तर नंतर खोडते, पण दार तर उघडलेलं असतं.

अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे सांगत असे की पुढे काय होणार ते ठाऊक असतानाच दिवसाचं काम थांबवावं. सल्ला चांगला आहे, पण नोकरी करणाऱ्याला तो अपुरा पडतो. तुमच्या दोन बैठकांच्या मध्ये आठ-नऊ तासांचं ऑफिस येतं. पुढे काय होणार हे रात्री ठाऊक असलं तरी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुसट होतं. म्हणून ते कागदावर हवं. त्याचा आणखी एक फायदा मला पुष्कळ उशिरा कळला. ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने 1927 मध्ये मांडलं होतं की अपुरं राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मनात जास्त टिकतं. पुढच्या प्रत्येक प्रयोगात ते तसंच दिसलं असं नाही. पण 2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की अपुऱ्या कामाचा पुढचा टप्पा नेमका ठरवून ठेवला की ते मध्येमध्ये डोकं वर काढून त्रास देणं कमी होतं. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. चिठ्ठी लिहून ठेवली की त्यानंतरचा एपिसोड मी खरोखर पाहते. नाही तर डोळे पडद्यावर आणि मनात कादंबरीची टोचणी, अशी दोन्हींकडे अर्धवट हजेरी लागते.

बैठकीच्या सुरुवातीबद्दल अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराकडून एक गोष्ट घेतली आहे. हा माणूस तीसहून अधिक वर्षं पोस्टखात्यात नोकरीला होता आणि त्याने 47 कादंबऱ्या लिहिल्या. घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द, हा त्याचा हिशोब सगळे सांगतात. त्याच्या आत्मचरित्रात त्याने आणखी एक लिहिलंय, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. पहाटेच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लेखन वाचण्यात घालवत असे. फक्त आदल्या दिवशीचं, आणि वेळ मोजून. तुम्ही साठ पानं वाचत बसता तिथे घोटाळा होतोय. दीड तास असेल तर मागचं शेवटचं दीड पान वाचा, दहा मिनिटं. पेन हातात न घेता.

शेवट कसा ठरवायचा, हे जरा तुमच्या स्वभावावर आहे. मला शब्दसंख्या लागू पडते, कारण मी रेंगाळणारी आहे. माझी एक मैत्रीण भराभर लिहिते आणि वाहवत जाते, ती प्रसंग धरून चालते: एक प्रसंग पुरा झाला की बैठक संपली, मग तो चारशे शब्दांचा असो की हजाराचा. तुम्हाला फॅनफिक्शनची सवय आहे, म्हणून तुम्ही प्रसंग धरून चालावं असं मला वाटतं. शब्दांचाच आकडा हवा असेल तर तो लहान ठेवा. रोज 250 शब्द, आठवड्याला पाच दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर 62,500 शब्द होतात. एका वर्षात मध्यम आकाराच्या कादंबरीचा पूर्ण कच्चा खर्डा. यात शनिवारचा खेळ आहे, एक दिवस मोकळा आहे आणि दोन आठवडे आजारपणाला किंवा पाहुण्यांना राखून ठेवलेत. तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांचं आव्हान 1999 पासून जगभर अनेकांनी घेतलं. मीही दोनदा घेतलं. दिवसाला 1,667 शब्द पडतात. पहिल्या वेळी पूर्ण केलं आणि पुढचे तीन महिने लेखनाकडे फिरकले नाही. तुमची परिस्थिती पाहता मी ते सुचवणार नाही.

उरली वाट पाहणाऱ्याची गोष्ट. फॅनफिक्शनला वाचक आहेत, कादंबरीला अजून कुणीच नाही, हा फरक छोटा नाही. मी दोन वाचक निवडले होते आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांना जे झालं असेल ते पाठवत असे. त्यांना एकच विनंती होती: मत देऊ नका, फक्त पुढे काय होईल असं वाटतं ते कळवा. कच्च्या खर्ड्यावर मत मागितलं की माणूस दुरुस्त्या सुचवतो, आणि दुरुस्त्या आल्या की आपण पुन्हा पहिल्या पानावर. "पुढे काय होईल?" या प्रश्नाच्या उत्तरातून मला हवं ते आपोआप कळायचं. दोघींनाही पुढचं बिनचूक ओळखता आलं तर मी फार सरळ चाललेय. दोघींनाही काहीच सुचलं नाही तर पात्राला काय हवंय हेच मी सांगितलेलं नाही.

आता तुमच्या चार प्रकल्पांकडे येते. कल्पना कितीही जमवा. अगाथा ख्रिस्तीच्या 73 वह्या शिल्लक आहेत, त्यांत वेगवेगळ्या रहस्यकथांची टिपणं एकमेकांत मिसळलेली आहेत, मध्येच घरगुती याद्यासुद्धा. जमवण्याला शिस्त नसली तरी चालतं. पण एका वेळी लिहायचं किती, याला मर्यादा हवी. माझा नियम असा आहे: एक मुख्य काम आणि त्याच्या सोबतीला एक, तेही वेगळ्या जातीचं. तुमच्यासाठी मुख्य काम कादंबरी आणि सोबतीला फॅनफिक्शन किंवा कॉमिक, दोहोंपैकी एकच. फॅनफिक्शन ठेवलीत तर दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी एक प्रकरण करा आणि वाचकांना तसं सांगून टाका. पॉडकास्टसाठी एक पान लिहून ते खोक्यात ठेवा. पॉडकास्ट हे दर आठवड्याचं उत्पादन आहे. विषय, ध्वनिमुद्रण, संपादन धरता पहिल्या काही महिन्यांत त्यात तुमच्या सगळ्या संध्याकाळी जातील. कॉमिकची पटकथा पूर्ण व्हायला चित्रकार लागतो आणि तो मिळालेला असेल तर मात्र माझं उत्तर बदलेल. दुसऱ्या माणसाचा वेळ अडकला असेल तर ते काम आधी संपवा, कादंबरी तीन महिने थांबू शकते.

कोणता प्रकल्प मुख्य, हे ठरत नसेल तर मी एक साधी कसोटी लावते. तीन महिने एका प्रकल्पाला हात लावला नाही तर वाईट कशाचं वाटेल? प्रकाशित झालेलं पुस्तक हातात घ्यायला मिळणार नाही याचं, की त्या पात्रांचं पुढे काय होतं ते कळणार नाही याचं? दुसरं वाटत असेल तोच प्रकल्प घ्या.

फॅनफिक्शनबद्दल जरा मनापासून बोलायचंय, कारण तुमच्या प्रश्नात तिच्याबद्दल अपराधी भाव दिसतो. इंग्रज कादंबरीकार शार्लट ब्राँटी दहा वर्षांची असताना, 1826 मध्ये, तिच्या वडिलांनी धाकट्या भावासाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. चौघा भावंडांनी एकेक शिपाई उचलून त्याला नाव दिलं. शार्लटने आपल्या शिपायाला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाव दिलं, त्या काळातल्या सर्वांत मोठ्या नायकाचं. तिथून काल्पनिक राज्यं उभी राहिली, आणि त्यांच्या गोष्टी आगपेटीएवढ्या पुस्तकांत बारीक अक्षरांत लिहिल्या गेल्या. आजच्या भाषेत ही फॅनफिक्शनच झाली. शार्लटने त्या जगाचा निरोप घेतला तो तेवीस वर्षांची झाल्यावर. तिची धाकटी बहीण एमिली हिने कधीच घेतला नाही. 1845 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, एमिली आपल्याहून धाकट्या बहिणीबरोबर प्रवासाला निघाली तेव्हा दोघी वाटभर आपल्या काल्पनिक राज्यातली पात्रं होऊन खेळत होत्या, असं तिने स्वतःच्या टिपणात लिहिलंय. आणि 1847 मध्ये शार्लट आणि एमिली या दोघींच्याही कादंबऱ्या आल्या. एकीने खेळ सोडला होता, दुसरीने नाही. म्हणून "सोडू का?" याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

फॅनफिक्शन तुम्हाला काय शिकवते आणि काय शिकवत नाही, हे मात्र सांगू शकते. संवादात प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवणं, सुरू केलेलं संपवणं, वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवणं, हे तुम्हाला दोन वर्षांत आलेलं असणार. हे फार मोठं भांडवल आहे. पण पात्राची पहिली ओळख करून देणं तिथे कधी करावंच लागत नाही. तुमचा वाचक त्या पात्रावर आधीच जीव टाकून आलेला असतो. "तो दारात उभा होता" एवढं लिहिलं की त्याच्या डोळ्यांपुढे चेहरा येतो, मागचे तीन सीझन येतात. कादंबरीच्या पहिल्या पानावर "ती दारात उभी होती" लिहिलं तर तिथे कुणीच उभं नसतं. माझ्या पहिल्या कादंबरीच्या हस्तलिखितावर संपादकाने समासात लिहिलं होतं, "ही कोण? मला हिची काळजी का वाटावी?" खूप लागलं होतं. पण दोन दिवसांनी तोच समास घेऊन बसले आणि कळलं की नायिकेला काय हवंय, तिला कशाची लाज वाटते, ती कुठे चुकते, हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि कागदावर नव्हतं.

यावर एक सराव आहे. तुमच्या फॅनफिक्शनमधला एक प्रसंग निवडा आणि ज्याने तो ॲनिमे कधीच पाहिलेला नाही अशा माणसासाठी पुन्हा लिहा. नावं बदला, जग बदला. मग खरोखरच अशा कुणाला वाचायला द्या आणि तो कुठे अडखळतो तिथे खूण करा. चार-पाच वेळा हे केलंत की कादंबरीची साठ पानं तुम्हाला वेगळी दिसायला लागतील. ओघात एक सांगून ठेवते: फॅनफिक्शनचीच कादंबरी करायची कल्पना आली तर मूळ पात्रं, त्यांची नावं आणि ते जग तुमचं नाही, हे विसरू नका. भावंडांमधलं वैर किंवा गुरूने केलेला विश्वासघात कुणाच्या मालकीचा नसतो. ते विशिष्ट गुरू-शिष्य मात्र ज्याने घडवले त्याचे.

सिरीज पाहण्यातून लेखनाला काय मिळतं? नुसती पाहिली तर ताजेपणा, आणि तोही पुरेसा आहे. पण महिन्यातून एकदा आवडलेला एखादा भाग मी दुसऱ्यांदा पाहते, वही घेऊन आणि थांबवत थांबवत. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ: कुणाला काय हवं होतं, कुणी अडवलं, शेवटी काय बदललं. पाऊण तासाच्या भागाला माझ्या वहीत साधारण तीस-पस्तीस ओळी होतात. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एकच गोष्ट दिसली आणि तिने माझं लेखन बदललं: एकाही प्रसंगात कुणी दार वाजवून आत येत नव्हतं. प्रसंग सुरू होतो तेव्हा माणसं आधीच बोलत असतात, बहुधा भांडणाच्या तोंडावर. माझ्या खर्ड्यात मात्र प्रत्येक प्रसंगात लोक येत होते, बसत होते, एकमेकांची खुशाली विचारत होते. तेव्हापासून दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येक प्रसंगाचा पहिला परिच्छेद झाकून वाचते. त्याच्याविना चालत असेल तर काढून टाकते. दहापैकी सहा-सात वेळा चालतं.

इथे एक धोकाही आहे. पडद्यावर नटाचा चेहरा जे काम करतो ते आपण गद्यात हावभाव लिहून करायला जातो. "तिने भुवई उंचावली", "त्याने ओठ चावला", "ती क्षणभर थांबली" अशी वाक्यं तुमच्या साठ पानांत किती आहेत ते मोजा. माझ्या एका प्रकरणात एकोणीस सापडली होती. कॅमेऱ्याला माणसाच्या मनात शिरता येत नाही, म्हणून तो चेहऱ्यावर थांबतो. तुम्हाला शिरता येतं. ज्या ठिकाणी भुवई उंचावली असं लिहिलंत तिथे त्या क्षणी तिला नेमकं काय आठवलं ते लिहून पाहा.

शनिवारचा खेळ तर मी तुम्हाला सोडूच देणार नाही. हा प्रकार 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या खेळाच्या रूपाने बाजारात आला, आणि त्यातून कथेबद्दल जे शिकायला मिळतं ते मला कोणत्याही कार्यशाळेत मिळालेलं नाही. मी गेममास्टर म्हणून, म्हणजे खेळातलं जग आणि गोष्ट चालवणारी म्हणून, पहिल्यांदा बसले तेव्हा बारा पानांचं कथानक लिहून नेलं होतं. खेळाडू पहिल्या अर्ध्या तासात मी ठरवलेला रस्ता सोडून भलत्याच गावात गेले. पुढच्या वेळी कथानक नेलंच नाही. खलनायकाला काय हवंय, त्याच्याजवळ किती दिवस आहेत आणि कुणी अडवलं नाही तर तो काय करेल, एवढंच अर्ध्या पानावर नेलं. खेळाडू कुठेही गेले तरी गोष्ट पुढे सरकत राहिली, कारण समोरून कुणीतरी येत होतं. माझ्या कादंबरीचा मधला भाग नेहमी कोसळायचा. त्याचं कारण मला त्या टेबलावर कळलं. माझा नायक चालत होता आणि बाकी सगळं जग त्याची वाट पाहत थांबलेलं होतं.

आता थोडी उलट बाजू. प्रत्येक छंदाला लेखनाच्या कामाला जुंपू नका. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह फुलपाखरांचा गंभीर अभ्यासक होता, काही वर्षं हार्वर्डच्या संग्रहालयात तेच काम करत होता. निळ्या फुलपाखरांच्या एका गटाबद्दल त्याने 1945 मध्ये मांडलेला तर्क 2011 मध्ये जनुकीय अभ्यासाने खरा ठरवला. ती आवड तिच्या जागी पूर्ण होती, कादंबरीला खत म्हणून ठेवलेली नव्हती. वहीशिवाय पाहण्याची एक तरी सिरीज असू द्या.

आणि ज्याला शेवटच नाही ते वेगळं मोजा. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडणारे गेम, आपोआप सुरू होणारा पुढचा भाग, बोटाने वर सरकवत राहायचे छोटे व्हिडिओ. हे तुमच्या यादीत नाहीत, पण दीड तासातली चाळीस मिनिटं बहुधा तेच खातात, आणि दोष बिचाऱ्या ॲनिमेला जातो. एक आठवडा नुसती नोंद ठेवा: किती वाजता काय सुरू केलं आणि किती वाजता संपवलं. मी ठेवली तेव्हा छंदांना आठवड्यात नऊ तास गेले होते आणि कशालाच धड म्हणता येणार नाही अशा चाळ्याला अकरा. छंदाला हात न लावता ते अकरा कमी केले तरी पुरे होतं.

यातलं काय तुम्हाला लागू पडेल ते तुमच्या घरावरही अवलंबून आहे. घरात लहान मूल असेल किंवा कुणाचं आजारपण सुरू असेल तर रोजची बैठक विसरा. आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं धरा, सेव्ह पॉइंटची चिठ्ठी मात्र सोडू नका, उलट अशा वेळी तिची गरज जास्त. पहाटे लिहायचं की रात्री, हेही तुमच्या झोपेवर ठरवा. झोप कापून लिहिलेलं मी पुढे जवळपास सगळं टाकून दिलंय. आणि कधीकाळी आवडणाऱ्या छंदातही आता मजा येत नसेल, सगळंच नकोसं झालं असेल, तर तो प्रश्न वेळापत्रकाचा नाही. तेव्हा आधी जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोला.

तर छंद ठेवा, शेवट नसलेला चाळा मोजून कमी करा, मुख्य काम एक आणि सोबतीला एक, आणि प्रत्येक बैठकीला ठरलेली सुरुवात, ठरलेला शेवट आणि चिठ्ठी. आता राहिली ती साठ पानं.

ती फाइल उघडू नका. कोरा कागद घ्या आणि त्या साठ पानांत काय घडलं ते आठवेल तसं एका पानात लिहा. जे आठवलं नाही ते बहुधा वाचकाच्याही लक्षात राहणार नाही, त्याची आत्ता काळजी करू नका. मग शेवटच्या प्रसंगावर या. साठाव्या पानाच्या आसपास बऱ्याच कादंबऱ्या अडकतात, माझ्या तिन्ही अडकल्या, कारण मांडामांड संपलेली असते आणि आता पात्राला काहीतरी ठरवावं लागतं, ज्यातून मागे फिरता येणार नाही. लेखक तो निर्णय पुढे ढकलतो, कारण तो घेतला की कादंबरीच्या बाकीच्या शक्यता मिटतात. तुमचा नायक शनिवारच्या टेबलावर खेळाडू म्हणून बसलाय असं समजा. समोर तुम्हीच मांडलेली परिस्थिती आहे. पलीकडे कुणाला तरी काहीतरी हवंय आणि त्याच्याजवळ थोडेच दिवस आहेत. नायकाला विचारा, तू आता काय करतोस? पहिलं जे उत्तर येईल ते एकसष्टाव्या पानावर लिहा, ते चुकीचं वाटलं तरी. पान झालं की खाली उद्यासाठीची तीन वाक्यं लिहा आणि मगच लॅपटॉप मिटा.